तुमचे प्रश्न, वचनातून उत्तरं: संगत आणि आळस

यावेळी पत्रं बरीच आली आणि त्यातली बहुतेक दोनच विषयांवर होती, मित्र कसे निवडायचे आणि आळस कसा घालवायचा. आधी वाटलं दोन अंकांत विभागून घेऊ. पण बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं २३:२०-२१ उघडून बघा, तिथे दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्यात. दारुड्यांच्या आणि खादाडांच्या घोळक्यात राहू नकोस कारण ते कंगाल होतात, आणि झोपाळूपणा माणसाला चिंध्या नेसवतो. म्हणजे सुरुवात सोबतीने होते आणि शेवट झोपेत. म्हणून सगळं एकत्रच घेतेय. पत्रं थोडी लहान केलीत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: मी २६ वर्षांचा, नोकरी करतो. कॉलेजपासूनचा आमचा ग्रुप आहे, रोज रात्री भेटतो, गप्पा मारता मारता दीड-दोन वाजतात. सकाळी उठवत नाही, ऑफिसला लेट मार्क लागतात, प्रार्थना तर कधीच सुटली. मंडळीतले (चर्चमधले) वडीलधारे म्हणतात कुसंगत सोड. पण बाबा आजारी होते तेव्हा हॉस्पिटलमध्ये रात्रभर हेच मित्र बसले होते, मंडळीतलं कोणी फिरकलं नाही. अशा मुलांना वाईट कसं म्हणू?

नका म्हणू. नीतिसूत्रे १७:१७ म्हणतं की मित्र सगळ्या काळी प्रेम करतो आणि भाऊ हा संकटासाठीच जन्मलेला असतो. तुमच्या मित्रांनी ते करून दाखवलंय, त्याबद्दल देवाचे आभार माना आणि त्यांचेही माना. आणि मंडळीतल्या लोकांनी हे पत्र दोनदा वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण आजाऱ्याच्या उशाशी जो बसत नाही त्याच्या उपदेशाला वजन कुठून येणार.

पण भाऊ, तुम्ही विचारलेला प्रश्न आणि वचन विचारतं तो प्रश्न, यात फरक आहे. तुम्ही विचारताय की ते चांगले की वाईट. नीतिसूत्रे १३:२० म्हणतं सुज्ञांबरोबर चाल म्हणजे सुज्ञ होशील. बरोबर चालायचं म्हणजे कुठेतरी पोचणं आलंच, मग यांच्याबरोबर चालून तुम्ही कुठे पोचताय ते बघा. तुम्हीच लिहिलंय, लेट मार्क आणि सुटलेली प्रार्थना. कुणी मुद्दाम तुमचं वाईट करत नाहीये, पण सगळे मिळून एकाच दिशेला सरकताय आणि कुणालाच थांबावंसं वाटत नाहीये. स्तोत्र १ मध्ये बघा ना, आधी माणूस दुर्जनांच्या सल्ल्याने चालतो, मग त्या वाटेवर उभा राहतो आणि शेवटी निंदकांच्या बैठकीत बसतो. चालणारा बसेपर्यंत मधे काही मोठं घडलेलंच नसतं.

शास्त्रातली दोन उदाहरणं सांगते, कारण नुसतं 'कुसंगत सोड' म्हणून काही डोक्यात शिरत नाही.

एक रहबाम. शलमोन राजाचा मुलगा. ज्या बापाच्या नावावर बहुतेक नीतिसूत्रे आहेत त्याचा मुलगा, म्हणजे ही वचनं त्याच्या घरचीच. १ राजे १२ मध्ये लोक त्याच्याकडे शखेमला येतात आणि म्हणतात तुमच्या बापाने आमच्यावर भारी ओझं लादलं, ते हलकं करा, आम्ही तुमची सेवा करू. तो तीन दिवस मागून घेतो. बापाजवळ राहिलेल्या वडीलधाऱ्यांना विचारतो, ते म्हणतात गोड बोल, हे लोक कायमचे तुझे होतील. मग जे त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झाले त्यांना विचारतो आणि ते सांगतात की म्हण, माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे, त्याने चाबकाने मारलं तर मी विंचवांनी मारेन. तो तेच बोलतो आणि इस्राएलच्या बारा वंशांतले दहा निघून जातात, राज्य फुटतं ते फुटतंच. आपण चित्र काढतो ते कोवळ्या पोराचं, पण १ राजे १४:२१ प्रमाणे राजा झाला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता! बालमित्रांचं ऐकून वाहवत जायला वयाची अट नसते. त्या मित्रांनी दगा दिला नव्हता हेही लक्षात घ्या, त्यांनी फक्त त्याला जे ऐकायला आवडेल ते सांगितलं.

दुसरं योनादाबाचं, आणि हे वाचताना मला दर वेळी कसंतरी होतं. २ शमुवेल १३. दावीद राजाचा मुलगा अम्नोन स्वतःच्या सावत्र बहिणीच्या, तामारेच्या, वासनेने झुरत असतो. योनादाब त्याचा चुलत भाऊ आणि मित्रही, शास्त्र म्हणतं फार चतुर. तो काळजीने विचारतो, अरे तू राजपुत्र असून दिवसेंदिवस असा का सुकत चाललायस? विचारपूस किती मायेची वाटते बघा. आणि मग तोच आजारी पडायचं सोंग घ्यायची युक्ती सुचवतो. त्या मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाला मारवतो, दावीदाला चुकीची बातमी येते की सगळेच राजपुत्र मेले, तेव्हा शांतपणे पुढे येऊन कोण सांगतं? हाच योनादाब. म्हणतो महाराज, सगळे नाही, फक्त अम्नोन मेलाय. एवढंच. जो काळजीने विचारतो तो प्रत्येक जण आपला हितचिंतक असतोच असं नाही, तो आपल्याला पुढे काय करायला सांगतो त्यावरून ओळखायचं.

आता तुमच्या मित्रांचं. तोडू नका. पण रोजची रात्रीची बैठक बंद करा, आणि कारण लपवू नका, घरी काम आहे वगैरे थापा नकोत. सरळ सांगा की मला सकाळी उठता येत नाही, नोकरी धोक्यात आहे, मी रोज येणार नाही, सुट्टीच्या दिवशी भेटू. मग काय होतं ते बघा. पहिले काही दिवस टोमणे येतील, ते चालायचंच. त्यातला एखादा स्वतःहून म्हणेल की बरं केलंस यार, माझंही तेच होतंय, तो मित्र धरून ठेवा. आणि जो दर वेळी तुमच्या निर्णयाचीच खिल्ली उडवेल, 'मोठा साधू झाला' म्हणेल, त्याच्यासाठी नीतिसूत्रे १:१०-१४ वाचा. तिथे बोलावणारे खरं तर लुटारू आहेत, पण बोलावण्याची पद्धत ओळखीची वाटेल, चल आमच्याबरोबर, आपली सगळ्यांची थैली एकच. लोभापेक्षाही 'आपण सगळे एक' याचीच ओढ जास्त असते.

प्रश्न: येशू स्वतः जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवला. मग आपण संगत निवडायची म्हणजे परूशीपणा, म्हणजे स्वतःला पवित्र समजून इतरांना दूर ठेवणं, नाही का?

चांगला प्रश्न आहे आणि परूशीपणाची भीती खरी आहे. काही लोक 'कुसंगत' म्हणत म्हणत एवढे चोख होतात की त्यांच्या जवळ कुठला दुखावलेला माणूस येऊच शकत नाही.

मत्तय ९ मध्ये येशू म्हणतो वैद्याची गरज निरोग्यांना नाही, दुखणाइतांना आहे. म्हणजे तो तिथे बसला तो वैद्य म्हणून. मत्तय हा जकातदार जकातीच्या नाक्यावरून उठून त्याच्या मागे गेला, येशू काही नाक्यावर बसायला लागला नाही. पण हाच येशू आपले बारा शिष्य निवडायच्या आधी डोंगरावर रात्रभर प्रार्थना करतो (लूक ६:१२-१३), आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत जीव कासावीस झाला तेव्हा त्या बारांतलेही तिघंच जवळ घेतो. जेवायला सगळे, पण काळजाजवळ मोजकेच. प्रेषित पौलसुद्धा करिंथ शहरातल्या मंडळीला स्पष्ट लिहितो (१ करिंथ ५:९-१०) की जगातल्या लोकांशी संबंधच ठेवू नका असं मी म्हटलं नव्हतं, तसं असतं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागलं असतं.

तेव्हा कुणाशी बोलायचं, कुणाच्या घरी जायचं, कुणाला मदत करायची यात निवड करू नका. सल्ला कुणाचा घ्यायचा, कुणासारखं व्हायचं, यात जरूर करा. आणि प्रामाणिकपणे एक बघा, त्यांच्यात जाऊन तुम्ही त्यांना काही देताय, की फक्त तुमचंच काहीतरी हळूहळू जातंय.

प्रश्न: मुलगा २४ वर्षांचा आहे, डिग्री होऊन दोन वर्षं झाली. रात्रभर मोबाईल, दुपारी बारापर्यंत झोप. नोकरीचं काढलं की 'मार्केट खराब आहे, ओळखीशिवाय होत नाही'. मी मुंगीचं वचन त्याच्या खोलीत चिकटवलं, त्याने फाडून टाकलं. याचे बाबा म्हणतात जेवण बंद कर, काम नाही तर खाणं नाही असं पौलानेच लिहिलंय. मी आई आहे हो, काय करू?

ताई, तुमचं पत्र खूप वेळ समोर ठेवून बसले होते. मुंगी आणि पौल दोन्हीकडे जाऊ, पण त्याआधी एक गोष्ट नक्की करा, मुलगा आळसावलाय की खचलाय?

कारण शास्त्रात झोपून राहिलेला प्रत्येक माणूस आळशी नाहीये. एलीया संदेष्टा बघा (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम केलेला माणूस, ईजबेल राणीची धमकी येते आणि तो रानात एक दिवसाची वाट चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो, म्हणतो देवा पुरे झालं, माझा प्राण घे, आणि झोपतो. देवदूत येतो तो काय करतो? हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, म्हणतो ऊठ, खा. एलीया खातो आणि परत झोपतो! तरी ओरडा नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत तेच, ऊठ, खा, पुढची वाट तुला झेपणारी नाही. अख्ख्या प्रसंगात उपदेशाचा एक शब्द नाही.

मुलाचं जेवण कमी झालंय का, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींतूनही मन उडालंय का, मित्रांनाही टाळतोय का, जगून काय उपयोग असं काही बोलतोय का? यातलं काही असेल तर आधी डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे न्या, आजच, आणि प्रार्थना करतच न्या. डिप्रेशनला आळस म्हणून हिणवणं हे पाप आहे असं मी स्पष्ट म्हणेन. आणि तो जे बोलतो ते तसंच्या तसं डॉक्टरांना सांगा, लोक काय म्हणतील म्हणून झाकू नका.

तसं काही नसेल, मित्रांबरोबर फिरायला हुशारी असेल आणि फक्त कामाचा विषय निघाला की थकवा येत असेल, तर मग नीतिसूत्रे. त्यातला २६ वा अध्याय आळशाला अगदी जवळून बघतो. बिजागरीवर दार फिरावं तसा तो अंथरुणावर फिरतो. ताटात हात घालतो पण तोंडापर्यंत न्यायचाही कंटाळा. आणि घराबाहेर का पडत नाही? म्हणतो रस्त्यात सिंह आहे! आपण हसतो, पण त्या देशात तेव्हा सिंह खरंच होते, शमशोनाने मारला, दावीदाने मारला, दावीदाचा वीर बनाया याने तर बर्फ पडलेलं असताना खड्ड्यात उतरून मारला. म्हणजे आळशाचं कारण अगदीच खोटं नसतं. तुमच्या मुलाचंही नाही, मार्केट खराब असेल, ओळखीही चालत असतील. पण त्याच रस्त्याने बाकीचे कामाला जातायत ना. खरं कारण ढाल म्हणून वापरलं की ते मोडून काढणं फार अवघड होतं. म्हणूनच पुढच्याच ओळींत म्हटलंय की नीट उत्तर देणाऱ्या सात जणांपेक्षा आळशी स्वतःला शहाणा समजतो. तेव्हा वाद घालू नका, वादात तोच जिंकणार.

आणि मुंगीचं वचन परत वाचा (६:६-८). तिला कोणी मुकादम नाही, देखरेख करणारा नाही, धनी नाही, तरी ती हंगामात अन्न साठवते. आता खोलीत चिकटवलेला कागद म्हणजे काय झालं? मुकादमच झाला की. तुम्ही जितक्या हाका माराल तितकं उठणं ही तुमची जबाबदारी होत जाईल आणि झोपणं त्याचं राहील. त्यापेक्षा मला २४:३०-३४ आवडतं. कुणीतरी आळशाच्या शेतावरून जातोय, बघतो तर सगळीकडे काटे, खाजकुयली, दगडी बांध ढासळलेला. मालक तिथे दिसतही नाही. बघणारा शांतपणे बघतो आणि मनाशी घेतो, थोडी झोप, थोडी डुलकी, हात उराशी घेऊन थोडं पडणं, की दारिद्र्य चोरासारखं येतं. त्यातलं 'थोडी' महत्त्वाचं आहे. दोन वर्षं झोपून राहीन असं ठरवून कुणी झोपत नाही, अलार्म वाजतो, पाच मिनिटं, परत वाजतो, परत पाच मिनिटं, उद्यापासून, सोमवारपासून, रिझल्ट लागल्यावर, असं करत करत बांध ढासळतो. त्याला हे सुनावू नका, त्याला त्याचं शेत दिसू द्या. म्हणजे, जे तो करत नाही ते तुम्ही गुपचूप करून टाकू नका.

आता बाबांचं म्हणणं. पौल २ थेस्सलनीका ३:१० मध्ये लिहितो तो कुणाबद्दल? ज्याला काम करायची इच्छाच नाही त्याच्याबद्दल. ज्याला काम मिळत नाहीये त्याच्याबद्दल नाही. आणि हे लिहायच्या आधी तो सांगतो की आम्ही स्वतः रात्रंदिवस श्रम केले, कुणाची भाकर फुकट खाल्ली नाही. शिवाय बाबांनी तिथेच थांबू नये, आणखी चार-पाच ओळी वाचाव्यात. तिथे लिहिलंय, जो ऐकत नाही त्याच्याशी जवळीक ठेवू नका म्हणजे त्याला लाज वाटेल, तरी त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा. रागाने ताट ओढून घेणं यात बसत नाही.

माझ्या मते असं करा. तुम्ही दोघं आधी एकमत करा, एक रागावतोय आणि दुसरी लपवून वाढतेय असं चाललं तर काहीच होणार नाही. मग घरातलं एक पूर्ण काम, रोजचं, त्याच्या नावावर करा, आणि त्याने नाही केलं तर ते तसंच पडून राहू द्या, कितीही जीव तुटला तरी. मोबाईलचा रिचार्ज तुम्ही भरत असाल तर तो तारीख सांगून बंद करा. आणि नोकरी शोधणं एकट्याने खोलीत बसून होत नसेल तर त्याला काम करणाऱ्या माणसांत पाठवा, बिनपगारी का होईना, महिना-दोन महिने. पौल करिंथला आला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहिला कारण धंदा एकच होता, तंबू करायचा (प्रेषित १८:३). एका छपराखाली हातही चालत होते आणि वचनही. तुमच्या मंडळीत कुणाचं छोटं वर्कशॉप, दुकान, ऑफिस असेल तर भीड न बाळगता विचारा. चोवीस वर्षांच्या मुलाला आईच्या हाकेपेक्षा सकाळी वाट बघणारा एखादा माणूस लवकर उठवतो.

प्रश्न: मी आळशी नाही, दिवसभर धावपळ असते, तरी रात्री वाटतं की काहीच केलं नाही. असं का?

त्याच थेस्सलनीकाच्या पत्रात पुढच्या ओळीत (३:११) पौल अशा लोकांबद्दल बोलतो जे काही काम करत नाहीत पण लुडबुड मात्र करतात. तुम्ही तशा आहात असं म्हणत नाही हं. पण धावपळीतही आळस लपू शकतो. जे खरं काम आहे, अवघड आहे, ते टाळायला आपण दहा सोपी कामं उकरून काढतो, ग्रुपवर मेसेजला उत्तरं, कुणाचं काय चाललंय, सगळ्यांच्या भानगडी. दिवसातलं एक काम जे सगळ्यात नकोसं वाटतं ते आधी करून बघा. आणि ते करूनही दमायला होत असेल तर मग विश्रांती घ्या, चौथी आज्ञा सहा दिवस काम सांगते तशी सातव्या दिवशी थांबायलाही सांगते. उपदेशक ४:६ तर म्हणतं दोन्ही ओंजळी भरून कष्टापेक्षा शांततेची एक मूठ बरी.

प्रश्न: परीक्षेचा अभ्यास करतोय. वाईट मित्र नकोत म्हणून सगळेच सोडले. पण एकटा असलो की तासन्‌तास रील बघत बसतो. मग संगत सोडून उपयोग काय झाला?

वाईट सोबत सोडलीत ते बरोबरच केलंत, पण जागा रिकामी ठेवलीत आणि तिथे मोबाईल येऊन बसला. रीलमधली माणसंही संगतच आहेत हो, तासन्‌तास त्यांच्याबरोबर बसलो तर त्यांच्यासारखं बोलायला, हवंहवंसं वाटायला लागणारच. नीतिसूत्रे १८:१ वेगळं राहणाऱ्याबद्दल म्हणतं की तो आपल्याच इच्छेच्या मागे लागतो. उपदेशक ४:९-१० सांगतं एकापेक्षा दोघे बरे, एक पडला तर दुसरा उचलेल. आणि नीतिसूत्रे २७:१७ मध्ये लोखंडाने लोखंडाला धार लागते, आता धार लावताना घासलं जाणारच, त्यामुळे जो मित्र तुमचं वेळापत्रक विचारून नकोसं करतो तो सोडू नका.

दानीएल संदेष्ट्याचं बघा. बाबेलमध्ये राजाचं स्वप्न कुणालाच सांगता येत नाही, म्हणून राजा सगळ्या ज्ञानी लोकांना मारायचा हुकूम काढतो. दानीएल राजाकडून मुदत मागून घेतो आणि तिथून सरळ घरी येतो, हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या या आपल्या सोबत्यांना सांगतो, आणि सगळे मिळून देवाकडे दया मागतात (दानीएल २:१७-१८). एवढा मोठा माणूस, तरी एकट्याने खोलीचं दार लावून बसला नाही. तुम्हाला तिघं मिळतीलच असं नाही, एक पुरेल. त्याच परीक्षेचा अभ्यास करणारा, किंवा मंडळीतला कुणी वडीलधारा, ज्याला रोज रात्री झोपायच्या आधी सांगायचं की आज एवढं झालं, एवढं राहिलं. अभ्यासाच्या वेळेत मोबाईल त्याच्याकडे किंवा घरच्यांकडे ठेवायची तयारी असेल तर आणखी चांगलं. कुणीच डोळ्यांसमोर येत नसेल तर पाळकांना या रविवारी उपासनेनंतर थांबून विचारा, तुमच्यासारखंच एकटं अभ्यास करणारं आणखी कुणीतरी त्यांना नक्की माहीत असेल.